कस कोणी पाहायचा?

परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथामुळे प्रसिद्ध आहे, आणि त्याखालोखाल तिथल्या माकडांमुळे. गावाच्या नावात सोने असले तरी त्याचा त्या धातूशी खरोखर काही संबंध आहे का, या वादात आम्ही शिरत नाही. आमचे मामा-मामी तिथे राहतात. दोघेही निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी दर्शन आटोपून त्यांच्या ओसरीवर बसलो असताना मामींनी एका जुन्या रुमालात बांधलेल्या दोन पाटल्या आणून आमच्या पुढ्यात ठेवल्या.

"भाचीच्या मुलीचं लग्न ठरलंय. या मोडून तिला काही करावं म्हणते. पण सराफ म्हणतो, घट बरीच येईल. तू एवढा शास्त्रज्ञ झालास, तूच सांग यात सोनं किती आहे ते."

या पाटल्या म्हणजे मामींनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले पहिले सोने. १९८८ साली वेतनाच्या फरकाची रक्कम हाती आली, तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीन हजारांच्या आसपास होता. दोन तोळ्यांना मजुरीसकट सात हजारांच्या घरात पैसे मोजले. सराफाने दिलेली चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यावर तारीख होती, 'पाटल्या जोड, २ तोळे' असे लिहिलेले होते आणि खाली रक्कम होती. सोने किती कॅरटचे, याचा उल्लेख कुठेच नव्हता. आम्ही तसे विचारले तेव्हा मामी म्हणाल्या, "तेव्हा कोण विचारत होतं? बावीसचंच असतं म्हणायचे सगळे."

या उत्तरामुळे आम्हाला सोनेखरेदीच्या इतिहासात थोडे डोकवावेसे वाटले. कापड हाताला कळते, ज्वारी दाताखाली कळते, बैल चालवून पाहता येतो. सोन्याचे तसे नाही. बावीस कॅरटचे आणि अठरा कॅरटचे सोने शेजारी शेजारी ठेवले तर सरावलेला डोळा फरक ओळखेल. पण आयुष्यात पहिल्यांदा सोने घेणाऱ्याकडे तो डोळा नसतो आणि समोर दुसरा नमुनाही नसतो. तो वजन डोळ्यांनी पाहतो, कस मात्र कानांनी ऐकतो. मग हा ऐकीव कस खरा आहे, हे आजवर कोणी आणि कसे ठरवले?

आधी वजनाचे पाहू, कारण तिथेही नवख्याची फसगत होत आलेली आहे. आपल्याकडे सोने मोजायचे ते गुंजांनी. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. अर्थात तोळ्याच्या ९६ गुंजा. गुंज हे एका वेलीचे लाल-काळे बी. १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे बांधून दिले, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्या हिशेबाने एक गुंज ०.१२ ग्रॅमच्या किंचित वर भरते. प्रत्यक्षात बिया लहानमोठ्या असतात. विद्यार्थ्यांकडून शंभर गुंजा एकेक करून तोलून घेतल्या, तर वजनांच्या विखुरणीचा चांगला आलेख मिळतो. मात्र गुंज विषारी आहे. फुटलेले बी तोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि प्रयोगानंतर हात धुवायला लावावेत.

ब्रिटिश मुलखातला रुपया नेमका एक तोळा वजनाचा असे, त्यामुळे घरोघरी रुपया हेच वजन झाले. पण सोनारी ब्रिटिश मुलखात नव्हती. परांडा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारची बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात. निजामाचा 'हाली' रुपया वजनाला सुमारे ११.१८ ग्रॅम, म्हणजे ब्रिटिश 'कलदार' रुपयाहून चार टक्क्यांनी हलका. सीमेवरच्या गावात पारड्यात कोणता रुपया पडतो आहे, हा प्रश्न किरकोळ नव्हता. पंचवीस तोळ्यांमागे तोळाभराचा फरक होता तो. आज हाली नाही, कलदारही नाही. पण दुकानात बोलताना 'तोळा' म्हणजे दहा ग्रॅम, आणि आजीच्या हिशेबातला तोळा ११.६६ ग्रॅमचा, हा घोळ चालूच आहे. दोघी आपापल्या परीने खरे बोलत असतात.

असो. वजनाचा वाद तराजू मिटवतो. कसाचा वाद मिटवायला माणसाने दगड शोधला.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सोन्याच्या कारखान्यावर आणि सोनारांच्या देखरेखीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या व्यवसायाची माहिती किती बारकाईने गोळा झाली होती, हे त्यांत दिसते. तांब्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत सोन्याच्या सोळा प्रती तिथे सांगितल्या आहेत. कसोटीचा दगड कलिंगातला किंवा तापीचा, मुगाच्या रंगाचा असेल तर उत्तम, असेही म्हटले आहे. म्हणजे आपल्या खानदेशातून वाहणाऱ्या नदीच्या दगडाला तेव्हा असा लौकिक होता. त्याहून गमतीचे आहेत ते सोनारांच्या लबाड्यांचे पाच वर्ग. खोटा तराजू वापरणे, चांगले सोने काढून हलके घालणे, काम करताना सोने पाडून हडप करणे, आत दुसरा धातू ठेवून वरून सोन्याचा पत्रा मढवणे आणि पोकळ जागेत भलतीच भर घालणे. कसोटीवरच्या लबाडीचाही उल्लेख आहे : नखात गेरूची पूड लपवून रेघेवर भुरभुरली, की रेघ जास्त तांबूस दिसते. ही यादी वाचल्यावर दोन हजार वर्षांत फसवणुकीत फारशी नवी भर पडलेली नाही, असे वाटू लागते.

कसोटीमागचे विज्ञान साधे आहे. दगड काळा, बारीक कणांचा आणि आम्लाला दाद न देणारा हवा. त्यावर दागिना घासला की धातूची पातळ रेघ उमटते. शेजारी ज्यांचा कस माहीत आहे अशा सळ्यांच्या रेघा ओढायच्या आणि रंग ताडून पाहायचा. पुढे तेजाब, म्हणजे नत्राम्ल, वापरात आले. ते रेघेवर लावले की तांबे आणि चांदी विरघळतात, सोने राहते. हीण जितके जास्त तितकी रेघ लवकर फिकी पडते. मुरलेला पारखी या पद्धतीने एक-दोन टक्क्यांपर्यंतचा फरक सांगू शकतो. अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी'त ही सळ्यांची पद्धत 'बनवारी' या नावाने नोंदवली आहे. मराठीने तर या दगडावर अर्धा शब्दकोश घासून घेतला : कस, कसदार, हीणकस, बावनकशी, कसोटी. क्रिकेटचा पाच दिवसांचा सामनाही आपण कसोटीलाच लावला.

पण या पद्धतीत एक मेख आहे. दगड सराफाचा, सळ्या सराफाच्या, तेजाब सराफाचे आणि डोळाही सराफाचाच. घेणारा काउंटरच्या अलीकडे. कसोटी खोटे बोलत नाही, पण ती बोलते ते एकाच पक्षाच्या भाषेत. शिवाय रेघ वरच्या थराची असते. आत काय आहे, ते तिला ठाऊक नसते.

यातून वाट काढायला घेणाऱ्याने फार पूर्वीपासून एक युक्ती वापरली. दागिन्याऐवजी नाणे घ्यायचे. नाण्याचा कस पाडणाऱ्याच्या अब्रूवर चालतो आणि वजन कोणालाही करता येते. आमच्याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात या बाजारपेठेचे नाव आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचला जाई. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली, की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तेरला आणि दख्खनमध्ये इतरत्रही रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदके सापडली आहेत. ज्यांना खरे नाणे परवडत नव्हते त्यांनी नाण्याचे चित्र तरी गळ्यात घातले असावे, असा आमचा तर्क.

याच प्रकारची, पण आपल्या अधिक ओळखीची वस्तू म्हणजे पुतळी. पुतळ्यांची माळ हा अस्सल मराठी दागिना. पण त्यातली पुतळी मुळात मराठी नाही. १२८४ सालापासून व्हेनिसचे प्रजासत्ताक डुकाट नावाचे नाणे पाडू लागले. साडेतीन ग्रॅम वजन आणि त्या काळी साधेल तितके शुद्ध, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक सोने. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. आपल्या लोकांनी त्या आकृत्यांना पुतळ्या म्हटले आणि नाण्याचे नाव पुतळी पडले. पाचशे वर्षे व्हेनिसने या नाण्याचे वजन आणि कस जवळपास बदलला नाही, इतका की डुकाटची ओळख हीच त्याची किंमत झाली. ज्या बाईने समुद्र पाहिला नव्हता तिला व्हेनिसच्या टांकसाळीचा भरवसा गळ्यात बाळगता येत होता. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपले; पुतळ्या मात्र पाडल्या जातच राहिल्या, आपल्याकडच्या सोनारांच्या साच्यांतून. या नकलांवरची लॅटिन अक्षरे निरर्थक उभ्या रेघा होऊन जातात. कस तर ज्या त्या सोनाराच्या मर्जीचा.

आमच्या आजीकडे, म्हणजे मामींच्या सासूबाईंकडे, बारा पुतळ्यांची माळ होती. १९७२ च्या दुष्काळात ती बार्शीला नेऊन मोडली. उस्मानाबाद जिल्ह्यात त्या साली विहिरींनी तळ गाठला होता आणि घरातली माणसे खडी फोडायला जात होती. मामा तेव्हा शाळकरी मुलगा. आजीबरोबर तोच गेला होता. सराफाने माळ ओवलेला दोरा तोडला, पुतळ्या एकेक करून घासल्या आणि आठ एकीकडे, चार दुसरीकडे ठेवल्या. आठांना एक भाव, चारांना दुसरा. आजी काही बोलली नाही. परत येताना एस.टी.त एवढेच म्हणाली, की मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तिच्या सासूने त्या कधी, कुठून घेतल्या होत्या, ते कोणालाच माहीत नव्हते. पहिल्या खरेदीत झालेली चूक ही अशी दोन पिढ्यांनंतर, नेमकी गरजेच्या दिवशी उघडी पडते. दागिना अंगावर असतो तोवर कसाचा प्रश्न कोणी विचारत नाही.

नाण्यांच्या मालिकेतले पुढचे नाव गिनीचे. १८१७ पासूनचे ब्रिटिश सॉव्हरिन आपल्याकडे गिनी म्हणूनच ओळखले गेले. ते ७.९९ ग्रॅमचे आणि बावीस कॅरटचे. कॅरट म्हणजे चोविसावा भाग. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या सॉलिडस नाण्याचे वजन कॅरब झाडाच्या २४ बियांइतके धरत, तिथून हा आकडा आला. आपली गुंज आणि त्यांचे कॅरब, दोन्ही शेंगांतलीच बी. बावीस भागिले चोवीस म्हणजे ०.९१६, आज दागिन्यावर दिसणारा ९१६ हा आकडा तोच. शुद्ध सोने फार मऊ असते, म्हणून दोन भाग तांबे किंवा चांदी मिसळून त्याला टिकाऊपणा आणायचा. हीण म्हणजे दर वेळी लबाडी नव्हे. ते किती आहे हे सांगितले, की ते संमिश्र; लपवले, की लबाडी.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टीला एक विचित्र वळण लागले. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती, आणि सोने चोरट्या वाटेने येत होते. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सोने नियंत्रण नियम लागू केले. नवा दागिना १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचा करायचा नाही, असा दंडक आला. चौदा कॅरट म्हणजे जेमतेम ५८ टक्के सोने. लोकांना त्याची गोडी राहणार नाही आणि मागणी आटेल, असा हिशेब होता. मागणी आटली नाही. आटली ती सोनारांची चूल. देशभर लाखो कारागिरांचा रोजगार बुडाला, काहींनी आत्महत्या केल्या. चौदा कॅरटची अट पुढे काही वर्षांत मागे घ्यावी लागली. पण १९६८ च्या सोने नियंत्रण कायद्याने दुसरी गोष्ट कायम केली : लगड, पत्रा अशा कच्च्या रूपातले सोने सामान्य माणसाने बाळगायचे नाही. दागिना मात्र चालेल.

या कायद्याच्या आर्थिक यशापयशावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. साध्या लगडीत झाळ नसते, नक्षी नसते, खडे नसतात, त्यामुळे ती तपासायला सर्वांत सोपी. दागिना तपासायला सर्वांत अवघड. ज्याला फक्त बचत करायची आहे अशा माणसालाही कायद्याने दागिन्याच्या दारात नेऊन उभे केले, आणि त्या दागिन्याच्या कसावर कोणाचीही मोहोर सक्तीची केली नाही. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मामींनी पाटल्या घेतल्या त्या त्याच्या अखेरच्या दिवसांत. त्यांना वळे किंवा दागिना घ्यायला मुभा होती, लगड घ्यायला नव्हती. आणि काय घेतले आहे, हे सांगायला त्या चिठ्ठीखेरीज काही नव्हते.

आता पाटल्यांकडे येऊ. मामा ज्या शाळेतून निवृत्त झाले तिथल्या प्रयोगशाळेत एक जुना भौतिक तराजू काचेच्या पेटीत पडून होता. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही तो पुसून, समपातळीत आणून वापरला. तो सेंटिग्रॅमपर्यंत भरवशाचा निघाला. युक्ती आर्किमिडीजची. हायरो राजाचा मुकुट आणि हौदातून धावत निघालेला आर्किमिडीज ही कथा व्हिट्रुव्हियसने आर्किमिडीजनंतर दोनशे वर्षांनी लिहिली. पाणी सांडून मोजण्याची जी रीत तो सांगतो तिने मुकुटातली भेसळ पकडणे फार कठीण आहे, कारण पृष्ठताणामुळे पाण्याची पातळी थेंबाथेंबाने चुकते. बावीस वर्षांच्या गॅलिलिओला १५८६ मध्ये हीच शंका आली आणि त्याने पाण्यात वजन करणाऱ्या लहान तराजूवर एक टिपण लिहिले. आम्ही गॅलिलिओचा मार्ग धरला.

पारड्यावर, त्याला न टेकता, लाकडी पूल ठेवून त्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवले. पाटल्या बारीक दोऱ्याने तराजूच्या आकडीला टांगल्या. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, कारण नक्षीत अडकलेला हवेचा बुडबुडा हा या प्रयोगातला खरा शत्रू. तो वजन कमी दाखवतो आणि भल्या सोनाराला चोर ठरवतो. मऊ कुंचल्याने बुडबुडे झाडले. हवेत वजन भरले २३.२८ ग्रॅम. जुन्या दोन तोळ्यांना पाच सेंटिग्रॅम कमी. पस्तीस वर्षांची झीज म्हणून ठीक. पाण्यात वजन भरले २१.८१. घट १.४७ ग्रॅम, म्हणून घनता २३.२८ ÷ १.४७ = १५.८४.

शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. बावीस कॅरटमध्ये हीण सगळे तांब्याचे असेल तर घनता १७.६ येते, सगळे चांदीचे असेल तर १८.०. म्हणजे पाण्यातली घट जास्तीत जास्त १.३२ ग्रॅम यायला हवी होती. आली १.४७. आमच्या मोजणीत दोन सेंटिग्रॅमची चूक धरली, तरी पंधरा सेंटिग्रॅमचा हा फरक तिच्यात बसत नव्हता. उलट हिशेब केला तर हीण चांदीचे धरून कस पावणेअठरा कॅरट येतो आणि तांब्याचे धरून साडेएकोणीस. पाटल्या भरीव होत्या. लाख भरलेल्या गोठांवर किंवा पोकळ बांगड्यांवर हा प्रयोग करून सोनाराला बोल लावू नये. आणि एक इशारा : टंगस्टनची घनता १९.२५ असल्याने त्याची भेसळ तराजू पकडू शकत नाही. तिथे दागिना कापून पाहणे, हा उपाय.

मामी हे सगळे फळ्यावर पाहत होत्या. गणित त्यांना नवे नव्हते, त्या सातवीला तेच शिकवत. बराच वेळाने म्हणाल्या, "दर दिवाळीला त्याच्या दुकानात चहा घेतला की रे आम्ही." तो सराफ आता हयात नाही. त्याने जाणून केले, की त्यालाच वरून हलके सोने मिळाले, की घडवताना झाळ जास्त पडली, हे आज सांगता येणार नाही. झाळ ही बहुधा हलक्या कसाची असते, कारण तिला दागिन्याच्या आधी वितळायचे असते. पण दोन पाटल्यांना इतकी झाळ लागत नाही.

पुढे पाटल्या हॉलमार्क केंद्रात नेल्या. तिथे यंत्राने क्ष-किरण टाकून, धातूतून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्ये ओळखली. हे यंत्रही वरचे काही मायक्रोमीटरच पाहते, म्हणून शेवटचा शब्द आजही अग्निपरीक्षेचा. सोन्याचा लहान तुकडा चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे इतर हिणकस धातूंना घेऊन मुशीत शोषले जाते, मग नत्राम्लात चांदी विरघळवून उरलेले शुद्ध सोने तोलतात. हजार भागांत ७७६ असा कस निघाला, म्हणजे साडेअठरा कॅरटच्या किंचित वर. आमच्या तराजूने आखलेल्या दोन टोकांच्या मध्येच तो पडला, याचा आम्हाला त्या परिस्थितीतही थोडा आनंद झाला, हे कबूल करतो. बावीसच्या हिशेबाने सव्वातीन ग्रॅम शुद्ध सोने कमी होते.

भारतीय मानक ब्यूरोने दागिन्यांचे हॉलमार्किंग सुरू केले ते २००० साली, आणि तेही ऐच्छिक. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने जिल्हावार सक्तीचे होत गेले. आता मोहोरेत तीन गोष्टी असतात : ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ अशी कसाची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा त्या एकाच दागिन्याचा क्रमांक, एचयूआयडी. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक घातला, की दागिना कुठला, कस किती, कोणी तपासला हे दिसते. पावती घ्यावीच, आणि तिच्यावर सोन्याचे निव्वळ वजन, कस, मजुरी आणि कर वेगवेगळे लिहून घ्यावेत. खड्यांचे वजन सोन्याच्या भावात जाऊ देऊ नये. हॉलमार्क असूनही कस कमी भरला, तर कमी पडलेल्या सोन्याच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. 'केडीएम' हा नव्वदीतला शब्द काही दुकानांत अजून ऐकू येतो. तो झाळेत वापरलेल्या कॅडमिअमवरून आला. कॅडमिअमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असते, आणि तो शब्द म्हणजे कसाची मोहोर नव्हे.

मामींनी पाटल्या मोडल्या नाहीत. मजुरी गेलीच, आता निदान वस्तू तरी राहू दे, म्हणाल्या. लग्नासाठी त्यांनी बचतीतून साधे, नक्षी नसलेले दहा ग्रॅमचे वळे घेतले. दुकानात त्यांनी पर्समधून शाळेचे भिंग काढले, क्रमांक वाचला आणि मामांना मोबाइलवर घालायला लावला. सराफाने हसून खुर्ची दिली. घरी येण्याआधी दोघे शाळेत गेले. तराजू अजून टेबलावरच होता. हवेत १०.०० ग्रॅम, पाण्यात ९.४४. फळ्यावर मामींनी भागाकार मांडला : १७.८६.